सही आपली, सल्ला कुणाचा?

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, भीमेचा पूल ओलांडला की कोरेगाव भीमा लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव एक जानेवारीमुळे माहीत असते. एरवी मात्र गावाचे घड्याळ चालते ते पाळीवर. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इथल्या कारखान्यांच्या बसगाड्या पहाटे, दुपारी आणि रात्री माणसे उचलतात आणि परत आणून सोडतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खोल्यांच्या चाळी, मोबाइलची दुकाने, खानावळी आणि अधूनमधून ‘येथे पॅन कार्ड, आधार व रिटर्न भरून मिळेल’ अशा पाट्या.

माझा मावसभाऊ गेली अठरा वर्षे या पट्ट्यातल्या एका कारखान्यात आहे. २०२५च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. “दादा, इन्कम टॅक्सचा मेसेज आलाय. तू जरा येऊन बघतोस का?” एका रविवारी गेलो. प्राप्तिकर खात्याने नोटीस बजावली नव्हती; नुसते विचारले होते. तुम्ही आपल्या विवरणपत्रात दीड लाख रुपयांची वजावट घेतली आहे, ती एकदा तपासून पाहा आणि चूक असेल तर दुरुस्त करा, असा त्याचा आशय. वजावट होती कलम ८०जीजीसीखाली, म्हणजे राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची.

घरात थोडा वेळ शांतता होती. मग त्याची बायको म्हणाली, “भाऊजी, आम्ही गणपतीची वर्गणी सोडली तर कुणाला पाचशे रुपये दिले नाहीत हो. त्या पक्षाचं नावसुद्धा आम्ही आज ऐकतोय.”

ती खरे बोलत होती. रिटर्न भरले होते ते पाळीवरच्याच एका सहकाऱ्याने सुचवलेल्या माणसाने. त्याने फी मागितली नव्हती. “रिफंड येईल त्यातले वीस टक्के द्या, नाही आला तर काही देऊ नका,” एवढाच करार, तोही तोंडी. रिफंड आला ३१,२०० रुपये. त्यातले सहा हजार त्याला दिले, उरलेल्यात मुलीची शाळेची फी भरली. सगळे इतके सरळ झाले होते की शंका घ्यावी असे कुठे काही नव्हतेच.

मी भावाला विचारले, “रिटर्नची प्रत तू पाहिलीस का?” तो म्हणाला, “मला काय कळतंय त्यातलं?”

हे वाक्य मला ओळखीचे वाटले, कारण तीस वर्षांपूर्वी ते मीही म्हटले होते.

ते दिवस सागाचे होते. १९९०च्या दशकाच्या मध्यावर महाराष्ट्रात असे एखादेच मध्यमवर्गीय घर असेल की जिथे चकचकीत कागदावरचे, हिरव्यागार झाडांचे माहितीपत्रक आले नाही. आज अमुक हजार गुंतवा, वीस वर्षांनी तुमच्या नावावरच्या सागाचे लाखो रुपये होतील. आणि खाली ठळक अक्षरांत, शेतीचे उत्पन्न असल्याने पूर्णपणे करमुक्त. आमच्या कार्यालयात हे माहितीपत्रक आणले ते आमच्याच एका सहकाऱ्याने. तो फावल्या वेळात विम्याच्या पॉलिस्या विकत असे. माणूस सज्जन, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. मी पाच हजार रुपये दिले, एक शोभिवंत प्रमाणपत्र मिळाले, त्यावर झाडाचे चित्र होते. चार वर्षांनी त्या कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागले. कंपनीचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. तशा शेकड्यांनी होत्या. सहकाऱ्याने स्वतःचेही पैसे त्यात घातले होते, त्यामुळे त्याच्याशी भांडताही आले नाही.

पैसे बुडाल्याची खंत काळाने जाते. माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. ते ‘करमुक्त’ खरे तरी होते का, हे मी तेव्हा कुणालाच विचारले नाही. पुढे कधीतरी कुतूहलाने वाचू लागलो, तेव्हा कळले की या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच देऊन ठेवले होते, आणि तेही आपल्या मुंबईच्याच एका बाईंच्या खटल्यात.

बाच्छा गझदर असे त्यांचे नाव. चहाच्या दोन कंपन्यांचे शेअर त्यांच्याकडे होते. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नातला साठ टक्के भाग शेतीचा आणि चाळीस टक्के कारखानदारीचा धरला जातो; प्राप्तिकर लागतो तो चाळीस टक्क्यांवर. बाईंचे म्हणणे असे की मग मला मिळालेल्या लाभांशातलाही साठ टक्के भाग शेतीचाच, त्यावर मला कर नको. युक्तिवाद ऐकायला किती बिनतोड वाटतो! न्यायालयाने तो मान्य केला नाही. शेती कंपनी करते, जमीन कंपनीची आहे. भागधारकाचा संबंध कंपनीशी आहे, मातीशी नाही. त्याला मिळतो तो लाभांश, शेतीचे उत्पन्न नव्हे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५७ साली, राजा विनयकुमार सहस राय यांच्या जंगलाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शेती कशाला म्हणायचे हेही स्पष्ट केले. नांगरणी, पेरणी, लावणी अशी मूळ मशागत जमिनीवर झाली असली पाहिजे. आपोआप उगवलेले जंगल तोडून विकणे म्हणजे शेती नाही.

आता मी माझ्या पाच हजारांकडे पाहिले. जमीन माझ्या नावावर नव्हती. सातबारावर माझे नाव नव्हते. रोप मी लावले नव्हते, ते कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हते. कंपनी बुडाली नसती आणि वीस वर्षांनी खरोखर लाखो रुपये हातात पडले असते, तरी ते शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त ठरवणे महाकठीण गेले असते. आणि लाखो तरी कुठून येणार? आपल्या वनखात्याच्या जंगलात साग तोडणीला येतो तो साधारण पन्नास ते ऐंशी वर्षांनी. वीस वर्षांच्या झाडात पांढऱ्या लाकडाचाच भाग मोठा असतो. हे सांगायला कायदेपंडित लागत नव्हता. गावचा सुतारही सांगू शकला असता. मी सुतारालाही विचारले नाही आणि वकिलालाही नाही. विचारले ते ज्याला माझ्या ‘हो’वर कमिशन मिळणार होते त्याला.

अशा योजना सामूहिक गुंतवणूक मानून त्यांना सेबीच्या देखरेखीखाली आणायचे, असे सरकारने नोव्हेंबर १९९७मध्ये ठरवले, आणि नियम आले ऑक्टोबर १९९९मध्ये. तोवर बऱ्याच कंपन्यांनी गाशा गुंडाळला होता. गंमत अशी की त्यानंतरही लोक थांबले नाहीत. फक्त झाडाच्या जागी दुसरे काहीतरी आले. पुण्यातच मुख्यालय असलेल्या समृद्ध जीवन या समूहाने शेळ्या-म्हशींच्या पालनाच्या नावावर पैसे गोळा केले. सेबीने त्याला २०१३मध्ये मनाई केली. शेतजमिनीच्या नावावर पैसे जमवणाऱ्या पीएसीएल कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले, आणि तिचे गुंतवणूकदार होते सुमारे ५ कोटी ८५ लाख.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नये. अमेरिकेत १९८०च्या दशकात डॉक्टर, दंतवैद्य, वैमानिक अशी चांगली कमावती माणसे होहोबा नावाच्या एका वाळवंटी झुडपाच्या लागवडीत पैसे घालत होती. संशोधनावरचा खर्च म्हणून पहिल्याच वर्षी मोठी वजावट मिळेल, असे त्यांना सांगितलेले असे. १९९८मध्ये तिथल्या कर न्यायालयाने अशा एका योजनेची वजावट नामंजूर केली. मग पुढची कित्येक वर्षे एकेक गुंतवणूकदार न्यायालयात उभा राहून सांगत होता की आम्ही सल्लागारावर विसंबलो. न्यायालयांचे प्रश्न ठरलेले. त्या सल्लागाराला होहोबातले काय कळत होते? आणि त्याला पैसे कोण देत होते? बहुतेकांकडे पहिल्याचे उत्तर ‘काही नाही’ आणि दुसऱ्याचे ‘योजनावाले’ असे होते. सागाच्या वेळी मला कुणी हे दोन प्रश्न विचारले असते, तर माझीही हीच उत्तरे होती.

आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो? विवरणपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते, की यातली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. भरणारा कुणीही असो, ही प्रतिज्ञा करदात्याची. आता ती ओटीपी टाकून होते, त्यामुळे आपण सही केली असे कुणाला वाटतच नाही. “ओटीपी सांगा” म्हटले की आपण सांगतो. माझ्या भावाने तो रात्रपाळीला जाताना बसमधून फोनवर सांगितला होता.

उत्पन्न कमी दाखवले तर वाचलेल्या कराच्या पन्नास टक्के दंड, आणि खोटी माहिती देऊन कमी दाखवले तर दोनशे टक्के. भावाच्या हिशेबात हे मांडले तर ३१,२०० रुपये कर, त्यावर व्याज आणि ६२,४०० रुपयांपर्यंत दंड. हातात राहिले होते पंचवीस हजार. खोटे विवरणपत्र भरायला लावणाऱ्यालाही शिक्षा करणारे कलम कायद्यात आहे. पण त्यासाठी तो सापडावा लागतो, आणि त्याने तुमच्या कुठल्याही कागदावर आपले नाव लिहिलेले नसते. (मी इथे १९६१च्या कायद्यातलीच कलमे सांगतो आहे, लोकांच्या तोंडी तीच आहेत. १ एप्रिल २०२६ या तारखेपासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत.)

कायदा अगदीच निर्दय आहे असेही नाही. करदात्याने सगळी वस्तुस्थिती उघड केली असेल आणि त्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक असेल, तर दंड न लावण्याची सोय आहे. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्राइस वॉटरहाऊस कूपर्स या हिशेबनीसांच्या बड्या पेढीचे स्वतःचेच प्रकरण आले होते. जगाचे हिशेब तपासणारी ही मंडळी, आणि त्यांच्याच विवरणपत्रात ग्रॅच्युइटीच्या तरतुदीची अशी वजावट घेतली गेली होती की जी मिळत नाही, असे त्यांच्या स्वतःच्या लेखापरीक्षण अहवालात लिहिलेले होते! न्यायालयाने दंड रद्द केला. चूक झाली, पण काही लपवलेले नव्हते. माणसाकडून असे होऊ शकते, असा एकूण विचार. माझ्या भावाला मात्र हा आधार घेता येत नव्हता. न दिलेली देणगी दिली म्हणणे ही चूक कशी ठरणार?

१४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने या प्रकारांविरुद्ध देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी कारवाई सुरू केल्याचे जाहीर केले. महाराष्ट्राचे नाव त्यात होते. घरभाडे भत्ता, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आजारपणाचा खर्च, देणग्या अशा सगळ्या वजावटींत खोटे दावे सापडले होते. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असेही मंडळाने सांगितले. त्या निवेदनातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. विवरणपत्रे भरून देणारे काही जण घाऊक कामासाठी तात्पुरते ईमेल पत्ते तयार करतात आणि हंगाम संपला की सोडून देतात. खात्याची पत्रे त्या पत्त्यांवर जातात आणि न वाचलेली पडून राहतात.

याचा दोष सगळा कामगारांच्या माथी मारून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. पक्षाला दिलेल्या देणगीवर शंभर टक्के वजावट, तीही रकमेची मर्यादा न घालता, ही सवलत संसदेने २००३मध्ये दिली. पुढे नोंदणी झालेल्या पण कधी निवडणुकीच्या रिंगणात न दिसणाऱ्या पक्षांची रांगच लागली. धनादेशाने देणगी घ्यायची, कमिशन कापून उरलेली रोख परत करायची, असा काहींचा धंदाच झाला. निवडणूक आयोगाने असे ३३४ पक्ष यादीतून काढले ते ऑगस्ट २०२५मध्ये. म्हणजे दुकान बावीस वर्षे उघडे होते. विवरणपत्राला पुरावा जोडायचा नाही, रिफंड झटपट, आणि खात्याची पत्रे बहुधा इंग्रजीत. वजावटीचा तपशील, पॉलिसीचा क्रमांक, कर्जाचा खाते क्रमांक फॉर्ममध्येच विचारायला खात्याने २०२५च्या हंगामात सुरुवात केली. पाच वर्षे आधी विचारले असते तर किती घरांची झोप वाचली असती!

आणि लोक अशा माणसाकडे का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय वाघोलीला नाही तर पुण्यात. जायचे म्हणजे एक खाडा. तो आधी फी सांगतो, मग कागद मागतो, मग “हे बसत नाही, ते बसत नाही” म्हणतो. कोपऱ्यावरचा माणूस ओळखीचा, रात्री दहालाही भेटणारा, आणि काम झाल्यावर पैसे घेणारा. गावात विश्वासाचा व्यवहार असाच चालतो. किराणा आपण याच विश्वासावर उधार आणतो. पण किराणावाल्याला तुमची उधारी बुडण्याची भीती असते. रिफंडात टक्केवारी घेणाऱ्याला तसली भीती नाही. रिफंड जितका फुगेल तितका त्याचा वाटा मोठा, आणि निस्तरण्याची वेळ येते तेव्हा तो वाटेकरी नसतो.

पदवी असली म्हणजे माणूस धुतल्या तांदळासारखा, असेही नाही. या प्रकारांत व्यावसायिकांची नावेही आली आहेत. तरी फरक आहे. चार्टर्ड अकाउंटंटने दिलेल्या प्रमाणपत्रावर २०१९पासून अठरा आकडी ओळख क्रमांक असावा लागतो, आणि तो खरा की खोटा हे संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. वकिलाची सनद असते. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जागा असते. कोपऱ्यावरच्या पाटीविरुद्ध कुठे जाणार? ती रात्रीत उतरते.

पगारदारांचा प्रश्न थोडा हलका होईल अशी चिन्हे आहेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही आणि जवळपास सगळ्या वजावटी तिथे बंद आहेत. पळवाट विकणाऱ्याचे या पट्ट्यातले निम्मे गिऱ्हाईक त्यामुळे गेले. मला खरी काळजी वाटते ती जमिनीच्या व्यवहारांची.

कोरेगाव भीमाच्या आसपास गेल्या पंचवीस वर्षांत जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. ज्या घरात वर्षाला लाखभर रुपये एकरकमी कुणी पाहिले नव्हते, तिथे कोटीचा व्यवहार होतो. आणि तिथे सल्ला देणारा असतो जमिनीचा दलाल. त्याचे एक वाक्य पाठ असते, “शेतजमीन आहे, टॅक्स लागत नाही.” हे अर्धेच खरे आहे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पण ग्रामीण म्हणजे काय, ते कायद्याने मोजून ठेवले आहे. दहा हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर सहा, आणि दहा लाखांच्या वर असेल तर आठ किलोमीटर. या अंतराच्या आतली जमीन ग्रामीण नाही, मग सातबारावर ज्वारी असो की ऊस. शिवाय अंतर रस्त्याने नव्हे, आकाशातून सरळ रेषेत मोजायचे.

२०२१च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत तेवीस गावे आली, त्यांत वाघोली होती. त्या दिवशी महापालिकेची हद्द नगर रस्त्याने एकदम पुढे सरकली आणि तिच्यासोबत आठ किलोमीटरची ती अदृश्य रेघही. कुणाच्या बांधावर खुणेचा दगड हलला नाही, ग्रामपंचायत तीच राहिली, पण लोणीकंदच्या बाजूच्या जमिनी कराच्या हिशेबात शहरी झाल्या. भीमेच्या अलीकडे-पलीकडे ही रेघ नेमकी कुठल्या गटातून जाते, हे नकाशावर मोजल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू नये. एकाच शिवारात एका भावाचा गट आत आणि दुसऱ्याचा बाहेर, असेही होऊ शकेल.

बरे, आत आली म्हणून सगळे संपते असेही नाही. विक्रीआधी दोन वर्षे तुम्ही किंवा आईवडील ती जमीन कसत असाल, तर दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेऊन सवलत मिळते. ठरावीक सरकारी रोख्यांत सहा महिन्यांत पन्नास लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. हे मार्ग सरळ आहेत, कायद्यात लिहिलेले आहेत, पण त्यांना मुदत आहे. “टॅक्स लागत नाही” यावर विसंबून ज्याने पैसे बंगल्यात, गाडीत आणि लग्नात घातले, त्याला दोन वर्षांनी ही कलमे वाचून काय उपयोग? आणि खात्याला कळत नाही या भ्रमातही कुणी राहू नये. तीस लाखांच्या वरच्या प्रत्येक खरेदीखताची माहिती निबंधक कार्यालयातून जाते. तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात ती तुमच्या आधी त्यांना दिसते.

दलालाला इथेही तोच प्रश्न विचारायला हवा. तू म्हणतोस ते लिहून, खाली सही करून देशील का? मी एकदा अशा एका व्यवहाराच्या वेळी हा प्रश्न विचारला होता. तो गृहस्थ हसला, चहा मागवला आणि विषय पावसावर गेला.

भावाच्या घरी त्या रविवारी आम्ही संगणकावर बसलो. सुधारित विवरणपत्र भरायची सोय २०२२पासून आहे. आता ती चार वर्षांपर्यंत वाढली आहे. जितका उशीर, तितका जादा कर. पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर पंचवीस टक्के, पुढे पन्नास, साठ, सत्तर. त्याचे सगळे मिळून चाळीस हजारांच्या वर जात होते. पतपेढीतून उचल घ्यायची ठरली. पुण्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटला फोन केला, त्यांनी आधी फी सांगितली. भावाने “चालेल” म्हटले.

मग खात्याच्या संकेतस्थळावरचा त्याचा तपशील उघडला. मोबाइल नंबर त्याचाच होता. हा एक मेसेज तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचला, तो त्यामुळे. ईमेलचा पत्ता मात्र त्याचा नव्हता. इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची नुसती खिचडी होती. तो पत्ता बदलून मुलीने तिथे वडिलांचा खरा पत्ता टाकला आणि पासवर्डही बदलला. भाऊ तोवर फोनवर होता. त्याच्या पाळीतल्या आणखी चौघांची रिटर्न त्याच माणसाने भरली होती. दोघांनी मेसेज उघडूनही पाहिला नव्हता. ते संध्याकाळच्या बसने सुटणार होते, तेव्हा त्यांनाही इकडेच बोलावून घेतले.